ल्युकेमियाच्या पेशींतलं सिग्नलिंग मोजणं: सोलापुरातून काय जमेल, काय नाही?

होटगी_रोड
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. एएमएलच्या (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, एक रक्ताचा कर्करोग) रुग्णांचं रक्त आणि बोन मॅरो सोलापुरात घेतलं जाईल. अभ्यास एफएलटी३ इन्हिबिटरचा, म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारं एफएलटी३ हे प्रोटीन दाबणाऱ्या औषधाचा आहे. औषध पेशीत पोचून काम करतंय का, हे पी-स्टॅट५, पी-ईआरके आणि पी-एस६ (फॉस्फेट चढलेली, म्हणजे चालू झालेली संदेशवाहक प्रोटीन) मोजून पाहायचंय. इथे सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ, उणे २० चा फ्रीझर, शेजारच्या विभागात वाटणीतला उणे ८०, आणि दोन लेझरचं सहा रंगांचं जुनं फ्लो सायटोमीटर (रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारं मशीन) आहे. पुण्यात मोठं मशीन मिळू शकतं. नमुने रात्रीच्या गाडीने जिवंतच पाठवावेत असं काहींचं मत आहे. ट्यूब कुठली घ्यायची? फॉर्मेलिन हिस्टोपॅथॉलॉजीकडून घेतलं तर चालेल का? एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णांची संमती यांचं काम वेगळं सुरू आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको.

कडक_भाकरी
आधी गाडीचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. जिवंत पाठवू नका.

प्रोटीनवर फॉस्फेट चढवणारे कायनेज आणि उतरवणारे फॉस्फेटेज रक्त काढल्यावरही चालूच असतात. तापमान बदललं, ऑक्सिजन घटला, ट्यूब हलली की आकडे मिनिटांत सरकतात. त्यात रुग्ण औषधावर असेल तर आणखी गोची: पुण्यात फायकॉल करून (पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून) पेशी दोनदा धुतल्या की औषधही धुतलं जातं आणि दबलेला सिग्नल परत वर येतो. मग तुम्ही लिहिणार 'औषध चाललं नाही', आणि रुग्णाच्या अंगात मात्र ते चाललेलं असणार.

म्हणून सोलापुरातच फिक्स करा, म्हणजे पेशी रसायनाने आहे त्या स्थितीत थांबवा. लाल पेशी फोडणं आणि फिक्स करणं एकाच बफरमध्ये होतं. तो तयार मिळतो, ५एक्स (पाचपट तीव्र) असतो, डिस्टिल्ड वॉटरने १एक्स करायचा. १०० मायक्रोलिटर रक्ताला २ मिली, म्हणजे वीस पट. बफर आधीच ३७ अंशांवर गरम हवा. थंड बफर घातला की लाल पेशी अर्धवट फुटतात आणि पेलेट लालच राहतो. ओतल्या ओतल्या ट्यूब उलटसुलट करा आणि १० मिनिटं बाथमध्ये ठेवा. मग ५०० जी ला ८ मिनिटं फिरवा, पीबीएसने एकदा धुवा.

अमोनियम क्लोराइडने आधी लाल पेशी फोडून मग फिक्स करायची सवय असेल तर या कामापुरती मोडा. ती दहा मिनिटं पेशी जिवंत असतात आणि त्यांना ते अजिबात मानवत नाही.

शंभर मायक्रोलिटरचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला १ लाख असतील तर तेवढ्या रक्तात १ कोटी पेशी झाल्या. अँटिबॉडी त्यांना पुरणार नाही, आलेखावरचा सगळा डोंगर डावीकडे सरकेल. ट्यूबमागे ५ ते १० लाख पेशी बसतील असं रक्त घ्या. काउंट २ हजारांचा असेल तर ३०० मायक्रोलिटर घ्या आणि बफर ६ मिली करा.

सात_रस्ता
ट्यूब: सिग्नलिंगला हिरव्या टोपणाची, सोडियम हेपारिनची. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, आणि पेशीला डिवचून मोजायचं असेल तर कॅल्शियम लागतंच. पण हेपारिन पीसीआर बिघडवतं, त्यामुळे एफएलटी३-आयटीडी आणि एनपीएम१ या म्युटेशनच्या तपासणीला जांभळी, ईडीटीएची ट्यूब वेगळी हवी. दोन्ही एकाच वेळी भरा. नंतर एकातलं दुसऱ्यात ओतायची बुद्धी कुणाला तरी होतेच. मॅरो असेल तर पहिला ओढा, म्हणजे सिरिंजने पहिल्यांदा ओढलेला भाग, सिग्नलिंगला द्या. तिसऱ्या-चौथ्या ओढ्यात मॅरोपेक्षा रक्तच जास्त येतं. मॉर्फॉलॉजीवाल्यांनाही पहिलाच हवा असतो, तेव्हा वाटणी आधी बोलून ठेवा.

निळा_डाग
हिस्टोपॅथचं फॉर्मेलिन नको. त्यात टिकण्यासाठी मेथेनॉल घातलेलं असतं आणि बाटली किती दिवस उघडी आहे ते कुणालाच माहीत नसतं. १६ टक्क्यांचं, मेथेनॉल नसलेलं पॅराफॉर्मल्डिहाइड काचेच्या अँप्यूलमध्ये मिळतं. ९०० मायक्रोलिटर पेशींत १०० मायक्रोलिटर घातलं की १.६ टक्के झालं. हे वेगळ्या केलेल्या पेशींसाठी आणि सेल लाइनसाठी (प्रयोगशाळेत कायम वाढवल्या जाणाऱ्या पेशी). अख्ख्या रक्ताला वर कडक_भाकरींनी दिलेला बफरच वापरा.

यात एक सोलापुरी अडचण आहे. प्रोटोकॉलमध्ये '१० मिनिटं, रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं. ते २० ते २५ अंश धरून लिहिलंय. मे महिन्यात बाहेर ४२, आणि एसी बंद असलेल्या खोलीत ३७-३८ असताना तीच दहा मिनिटं जास्त फिक्स करतात. एपिटोप (अँटिबॉडी जिथे चिकटते ती जागा) झाकले जातात, सिग्नल खाली येतो. जानेवारी आणि मेचे नमुने मग एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लोक रुग्णांत फरक शोधत बसतात. खोलीवर भरवसा नको. ब्लॉक किंवा बाथ २५ ला लावा आणि थर्मामीटर वाचून वहीत लिहा.

होटगी_रोड
हे उपयोगी आहे, आभार. आता मेथेनॉल (अँटिबॉडी पेशीच्या आत शिरावी म्हणून) आणि रंग. मशीनला ४८८ आणि ६४० नॅनोमीटरचे लेझर आहेत. आणि नुसता बेसल (पेशीला न डिवचता दिसणारा) सिग्नल मोजला तर पुरेल का? स्टिम्युलेशनचा खर्च टाळता आला तर बरं.

कडक_भाकरी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रुग्ण औषध घेत असेल आणि अंगातला परिणाम बघायचा असेल तर डिवचू नका, रक्त काढून लगेच फिक्स करा. औषध सुरू होण्याआधीचा नमुना मात्र नुसता बेसल बघून फारसं काही सांगत नाही. स्टॅनफर्डच्या नोलन यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये एएमएलवर दाखवलं ते हेच होतं: शांत पेशींपेक्षा सायटोकाइन (पेशींना संदेश देणारी प्रोटीन) दिल्यावर पेशी काय करतात, त्यात रुग्णारुग्णांतला फरक उठून दिसतो.

पाच ट्यूब ठेवा. एक कोरी, एक जीएम-सीएसएफ २० नॅनोग्रॅम प्रति मिली, एक एफएलटी३ लायगँड १०० नॅनोग्रॅम, एक पीएमए, आणि एक नुसतं औषध. पीएमए हे रसायन ईआरकेचं यंत्र चालू आहे ना, एवढं तपासायला. सगळ्या ट्यूब आधी १० मिनिटं ३७ वर ठेवा. औषधाची ट्यूब तासभर आधी लावावी लागते, ती विसरू नका. पी-ईआरके ५ ते १० मिनिटांत टोक गाठून उतरायला लागतं, पी-स्टॅट५ ला १५ मिनिटं द्या. एकाच वेळेला दोन्ही मोजायचे तर एकाची तडजोड होणारच. एफएलटी३ लायगँडची ट्यूब ५ मिनिटांवर आणि जीएम-सीएसएफची १५ वर थांबवा. ट्यूबांमध्ये ३० सेकंदांचं अंतर ठेवून घाला आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने फिक्स करा.

मेथेनॉल: धुतलेला पेलेट आधी व्होर्टेक्सवर पूर्ण सुटा करा, मगच बर्फाइतकं थंड ९० टक्के मेथेनॉल थेंबथेंब घाला, खाली व्होर्टेक्स चालूच. पेलेट सुटा न करता ओतलं की गुठळ्या होतात आणि त्या परत सुटत नाहीत. बर्फावर ३० मिनिटं. यानंतर पेशी हलक्या होतात, ५०० जी ला नीट बसत नाहीत, म्हणून पुढची धुणी ८०० जी ला करा. नाहीतर सिंकमध्ये पेशी जातात आणि मशीनवर 'इव्हेंट्स कमी का' अशी चर्चा होते.

रंगांचं गणित: पीई, एपीसी, पर-सीपी हे रंग स्वतः प्रोटीन आहेत, मेथेनॉल त्यांचा निकाल लावतं. म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची सीडी४५-पीई अँटिबॉडी आधी लावून मग मेथेनॉल, हा क्रम चालत नाही. मेथेनॉलनंतर लावली तर पीई चालतं, पण मग अँटिबॉडीचा क्लोन मेथेनॉल खाल्लेला एपिटोप ओळखणारा हवा. सीडी३४ चे काही क्लोन इथेच मार खातात. अलेक्सा ४८८ आणि अलेक्सा ६४७ मेथेनॉलमध्ये टिकतात. तुमच्या मशीनला पी-स्टॅट५ अलेक्सा ६४७ मध्ये आणि पी-ईआरके अलेक्सा ४८८ मध्ये घ्या. पी-एस६ साठी दुसरी ट्यूब करा. सहा रंगांत सगळं कोंबायचा मोह टाळा.

गेट (आलेखावर कोणत्या पेशी निवडायच्या): सीडी४५ मंद आणि साइड स्कॅटर कमी, म्हणजे ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी). मेथेनॉलनंतर हा नकाशा आकसतो, त्यामुळे रोजच्या इम्युनोफेनोटायपिंगचा गेट तसाच चिकटवू नका. त्याच ट्यूबमधल्या सीडी३ लिम्फोसाइट्स वेगळ्या काढून ठेवा, त्या आतला तुलनेचा काटा आहेत. पीएमएच्या ट्यूबमध्ये टी पेशींतलंही पी-ईआरके वर गेलं नसेल तर नमुना किंवा पीएमए खराब आहे. ब्लास्टवर निष्कर्ष काढू नका.

आयसोटाइप कंट्रोलवर (पेशीत लक्ष्य नसलेल्या अँटिबॉडीवर) पैसे घालवू नका. फॉस्फो अँटिबॉडीला खरा कंट्रोल म्हणजे सिग्नल बंद केलेली तीच पेशी.

पाखर
तो कंट्रोल स्वस्तात करायचा असेल तर के५६२ ही सेल लाइन वाढवा. बीसीआर-एबीएल या सतत चालू कायनेजमुळे त्यांचं पी-स्टॅट५ मुळातच वर असतं. अर्ध्या फ्लास्कला १ मायक्रोमोलर इमॅटिनिब दोन-तीन तास द्या, ते खाली बसतं. गोळी कुटून नका घेऊ, शुद्ध पावडर घ्या. दोन्ही गट फिक्स करून मेथेनॉलमध्ये उणे ८० ला छोट्या ट्यूबांत ठेवा आणि प्रत्येक बॅचला एक-एक जोडी चालवा. जोडीतलं अंतर घटलं की अँटिबॉडी किंवा लेझर बघा, रुग्णाचे आकडे त्या दिवशी लिहू नका.

माग_धोटा
सगळं बरोबर चाललंय, पण धागा औषधविकासाचा आहे आणि एक गोष्ट कुणीच काढली नाही. सोलापुरातून सगळ्यात कमी धोक्यात जे पाठवता येतं ते पेशी नव्हे, प्लाझ्मा.

प्लाझ्मा इन्हिबिटरी अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून पद्धत आहे. औषध घेणाऱ्या रुग्णाचा प्लाझ्मा घ्यायचा, त्यात एफएलटी३-आयटीडी असलेली सेल लाइन, उदाहरणार्थ मोल्म-१४, एक-दोन तास ३७ वर ठेवायची, आणि त्या पेशींतलं फॉस्फो-एफएलटी३ मोजायचं. त्याच रुग्णाचा औषध सुरू होण्याआधीचा प्लाझ्मा म्हणजे शंभर टक्के. पेशी सगळ्यांसाठी एकच, बदलतो तो फक्त प्लाझ्मा. त्यामुळे प्रवासात पेशी मेल्या, सिग्नल सरकला, हे प्रश्नच उरत नाहीत.

हे का लागतं ते आकड्यांत बघा. १० टक्के सीरमच्या माध्यमात एफएलटी३ निम्मं दाबायला लेस्टॉर्टिनिब २ नॅनोमोलर पुरतं, माणसाच्या प्लाझ्मात सुमारे ७०० लागतं. मिडोस्टॉरिन ६ वरून हजाराच्या घरात जातं, सोराफेनिब ३ वरून २६५ वर. क्विझार्टिनिब १ वरून १८ वर, म्हणजे तिथे फरक बराच कमी. कारण प्लाझ्मातली प्रोटीन औषधाला धरून ठेवतात, विशेषतः अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन, आणि ते तर ताप-संसर्गात आणखी वाढतं. एएमएलचा रुग्ण तापाशिवाय सापडतो कुठे?

लेस्टॉर्टिनिबची चाचणी २०११ मध्ये छापली गेली, एफएलटी३ म्युटेशन असलेल्या आणि आजार पहिल्यांदा उलटलेल्या (परत आलेल्या) २२४ रुग्णांवर. रेमिशन २६ टक्के विरुद्ध २१ टक्के, म्हणजे सिद्ध काही झालं नाही. पण प्लाझ्मा तपासला होता म्हणून कळलं की पंधराव्या दिवशी ८५ टक्क्यांहून जास्त दाब फक्त ५८ टक्के रुग्णांत बसला होता. ही तपासणी नसती तर 'एफएलटी३ हे लक्ष्यच चुकीचं' असं म्हणून विषय मिटला असता. गिल्टेरिटिनिबच्या पहिल्या टप्प्यात हीच तपासणी डोस ठरवायला कामी आली: दिवसाला ८० मिग्रॅ आणि त्यावर आठव्या दिवसापर्यंत ९० टक्क्यांहून जास्त दाब, आणि पुढे १२० मिग्रॅ ठरलं. अमेरिकेत मंजुरी नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. २०१९ च्या तुलनात्मक चाचणीत मध्यक आयुष्य ९.३ महिने, नेहमीच्या केमोवर ५.६.

तुम्ही करायचं एवढंच: हेपारिन ट्यूब, पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी, म्हणजे औषध सगळ्यात कमी असतानाचा नमुना. तासाभरात फिरवा, प्लाझ्मा १ मिलीच्या ट्यूबांत, उणे ८०. लाल पेशी ओढल्या जाऊ नयेत म्हणून तळाचा अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. डोस किती वाजता घेतला आणि रक्त किती वाजता काढलं, हे दोन्ही हवं. नुसतं 'सकाळी' लिहिलेला नमुना फुकट गेला समजा. वापरताना वितळवल्यावर १६,००० जी ला फिरवून फायब्रिन काढून टाकायचं, नाहीतर पेशी त्यात अडकतात.

कडक_भाकरी
माग_धोटा, पटलं, पण अर्धंच. प्लाझ्मा सांगतो की औषध पुरेसं आहे का. रुग्णाची पेशी त्याला दाद देते का, हे सांगत नाही. त्याच्या पेशीत डी८३५वाय हे एफएलटी३ चं म्युटेशन असेल तर क्विझार्टिनिब कितीही असो, बसणारच नाही, कारण ते टाइप २ (एफएलटी३ बंद आकारात असतानाच बसणारं) आहे. गिल्टेरिटिनिब टाइप १, ते बसतं. तुमच्या मोल्म-१४ मध्ये ते म्युटेशनच नाही, त्यामुळे प्लाझ्मा ९५ टक्के दाखवणार आणि रुग्ण बिघडत जाणार.

आणि मॅरोतला संरक्षक थर विसरू नका. एफएलटी३-आयटीडी स्टॅट५ ला जेएके या कायनेजशिवाय चालू ठेवतं, म्हणून तिथे रक्सोलिटिनिब या जेएके इन्हिबिटरने ते फारसं हलत नाही. पण स्ट्रोमातल्या (मॅरोतल्या आधारपेशींच्या) जीएम-सीएसएफने चालू झालेलं स्टॅट५ जेएके२ मधून येतं. एफएलटी३ इन्हिबिटर त्याला हातही लावत नाही. एकाच ब्लास्टवर दोन ट्यूब लावा, एक क्विझार्टिनिब २० नॅनोमोलर, एक रक्सोलिटिनिब १ मायक्रोमोलर. कोणत्या ट्यूबमध्ये पी-स्टॅट५ पडलं यावरून सिग्नल कुठून येतोय ते कळतं. औषध जोडीने द्यायचा विचार करणाऱ्यांना हीच माहिती हवी असते.

माग_धोटा
मान्य. म्हणून दोन्ही करा, पण पैसे एकाचेच असतील तर प्लाझ्मा. आणि पी-ईआरके एका वेळेवर मोजून थांबू नका. एफएलटी३ दाबल्यावर तासाभरात ते पडतं आणि पुष्कळदा २४ तासांत रास या दुसऱ्या संदेशमार्गाने परत उठतं. गिल्टेरिटिनिबवर उलटलेल्या रुग्णांत रासची म्युटेशन सापडतात, तोच हा रस्ता. एक तास आणि २४ तास, दोन्ही हवेत.

निळा_डाग
फॉस्फो-एफएलटी३ वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन पट्टीवर वेगळी करून) मोजणार असाल तर दोन-तीन गोष्टी. ब्लॉकिंगला दूध पावडर नको. त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, पट्टी धुरकट होते. ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरमचं अल्ब्युमिन), टीबीएस-ट्वीन बफरमध्ये.

फॉस्फेटेज थांबवणारं सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट बाटलीतून काढून तसंच घालतात आणि मग फॉस्फेट का गेलं म्हणतात. ते सक्रिय करावं लागतं. २०० मिलिमोलर द्रावण, पीएच १०. आम्ल घातलं की पिवळं होतं. उकळा, रंग जाईल. गार करून पीएच पुन्हा १० ला आणा, पिवळं झालं तर पुन्हा उकळा. पीएच १० वर रंगहीन राहिलं की झालं. छोट्या ट्यूबांत उणे २० ला ठेवा, वापरताना १ मिलिमोलर. लायसिस बफरमध्ये ईडीटीए भरपूर असेल तर ते व्हॅनेडेटलाच पकडतं, हेही बघा. सोबत सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर.

सीएमएलचे (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे) नमुने कधी आले तर आणखी एक. पिकलेल्या मायलॉइड पेशींतले प्रोटिएज लायसेटमध्ये बीसीआर-एबीएल खाऊन टाकतात. पेलेट थेट उकळत्या सॅम्पल बफरमध्ये टाका, आणि बीसीआर-एबीएल ऐवजी त्याने फॉस्फेट चढवलेलं पी-सीआरकेएल मोजा, ते टिकतं.

होटगी_रोड
टक्केवारी कशी काढायची यावर इथे एकमत नाही. सिग्नलचा मध्यक घ्यायचा एवढं ठरलंय.

पाखर
मध्यकच. पण तळ वजा केल्याशिवाय टक्केवारी काढू नका. समजा औषधाविना मध्यक ६००, रुग्णाच्या औषधाने २००, आणि इन्हिबिटर भरपूर घालून पूर्ण बंद केलेल्या ट्यूबचा १२०. तळ न धरता दाब ६७ टक्के येतो. तळ धरला तर ६०० उणे २०० म्हणजे ४००, भागिले ६०० उणे १२० म्हणजे ४८०, उत्तर ८३. ट्यूब तीच, आणि आपली रेषा ८५ ची. प्रोटोकॉलमध्ये पद्धत आधी लिहून टाका. आकडे आल्यावर ठरवलं तर ज्याला जे हवं ते निघतं.

स्टिम्युलेशनच्या ट्यूबांना टक्केवारी नको, आर्कसाइन-एच चा फरक घ्या, कोफॅक्टर १५०. मध्यक १५० चा ०.८८ होतो, ६०० चा २.०९, फरक १.२१. एक्सेलमध्ये सूत्र तयार असतं. लहान आकड्यांतला गोंधळ लॉगइतका फुगत नाही.

सात_रस्ता
आता पाठवणी. मेथेनॉलमधल्या पेशी गाडीने किंवा कुरियरने नेऊ नका, ते ज्वालाग्राही आहे. पुण्याला न्यायचं असेल तर फिक्स करून, धुवून, पेलेट कोरडा करून उणे ८० ला थांबा, ड्राय आइसवर पाठवा, मेथेनॉल तिकडे. पूर्ण काम सोलापुरातच करणार असाल तर मेथेनॉलमध्ये उणे २० ला ठेवता येतं, त्यासाठी उणे ८० अडवायची गरज नाही.

ड्राय आइस उणे ७८ अंशांचा. जाड थर्माकोलच्या डब्यात २४ तासांना ५ किलो धरा, उन्हाळ्यात दुप्पट. झाकण हवाबंद करू नका, वायू साठून डबा फुटतो. आतलं पॅकिंग तिहेरी, वर जैविक नमुन्याचं यूएन ३३७३ चं लेबल, ड्राय आइसचं यूएन १८४५ वेगळं. पुणे अडीचशे किलोमीटर आहे, गाडी सुटली तर चार-पाच तास. पण खासगी गाडीच्या डिकीत डबा ठेवून टेंभुर्णीला जेवायला थांबण्याचा प्रकार मे महिन्यात नको. माणसांच्या सोबत बंद काचेतही ड्राय आइस नको, कार्बन डायऑक्साइड साठतो. शुक्रवारी काहीही पाठवू नका, तिकडे शनिवारी उचलायला कुणी नसतं.

पाखर
वाचनखूण साठवली. होटगी_रोड, वाटणीतल्या उणे ८० ला तापमानाची नोंद ठेवणारा डेटा लॉगर लावा. वीज गेली की दार किती वेळा उघडलं हे कुणी सांगत नाही.

होटगी_रोड
लावतो. प्लाझ्मा आणि जागेवर फिक्स, दोन्ही धरून प्रोटोकॉल लिहायला घेतोय. ट्यूबवर मार्करने लिहिलं तर मेथेनॉलने पुसतं का?

कडक_भाकरी
पुसतं. पेन्सिलने लिहिलेलं क्रायो लेबल लावा, आणि झाकणावर नंबर कोरून ठेवा.